टायरच्या हवेचा पिवळा दिवा: आधी हवा, मग बटण

पुण्यात डिसेंबरात पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास उतरला की कित्येक गाड्यांच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागायला सुरुवात होते. घोड्याच्या नालासारखी आकृती आणि तिच्या मध्ये उद्गारचिन्ह. टायरमधली हवा कमी झाल्याची ही सूचना. शिवाजीनगरपेक्षा पाषाण, एनडीए, हवेली या बाजूंना पहाट आणखी गार असते. तिथे रात्रभर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तो लवकर दिसतो. मग दिवा घालवायचा खटाटोप सुरू होतो. कोणी स्क्रीनवरचं ‘सेट’ दाबतं, कोणी बॅटरीची वायर काढून पुन्हा लावतं, कोणी सर्व्हिस सेंटरला फोन करतं.

मला सांगायचं आहे ते एवढंच: रीसेट ही या कामाची शेवटची पायरी आहे. चारही टायरांत हवा बरोबर भरल्याशिवाय ते बटण दाबू नका. काही गाड्यांत तर ते चुकीच्या वेळी दाबणं सरळ धोक्याचं आहे, कारण त्या वेळी टायरमध्ये जेवढी हवा असेल तेवढीच बरोबर, असं गाडी धरून चालते आणि ती आणखी बरीच उतरेपर्यंत काही बोलत नाही. दिवा विझतो, टायर मऊच राहतो. असा टायर घेऊन समृद्धी महामार्गावर जाणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि उलगडते, त्यातून उष्णता साठत जाते, आतले थर सुटू लागतात आणि भर वेगात टायर फुटतो. समृद्धीवर सरळसोट काँक्रीट आहे, मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, तासन्‌तास ब्रेकला पाय लावावा लागत नाही. तापलेल्या टायरला उसंतच मिळत नाही.

दिवा कसा लागलाय ते बघा

गाडी सुरू केल्यावर हा दिवा दोन-तीन सेकंद लागतो आणि जातो. ती प्रणालीची रोजची स्वतःची तपासणी, तिकडे लक्ष द्यायचं कारण नाही. त्यानंतरही दिवा न लुकलुकता स्थिर राहिला, तर एका किंवा अधिक टायरांत हवा कमी आहे. सुरुवातीचा मिनिटभर किंवा थोडा जास्त वेळ लुकलुकून मग स्थिर झाला, तर बिघाड प्रणालीत आहे: एखाद्या सेन्सरची बॅटरी संपली असेल, नाहीतर चाकाकडून संदेशच येत नसेल. या दुसऱ्या प्रकारात हवा भरून किंवा बटण दाबून दिवा जाणार नाही. तरीही हवा मात्र तपासायचीच, कारण आता टायर खरोखर बसला तरी गाडी तुम्हाला सांगू शकणार नाही.

तिसरा प्रकार पुण्याच्या हिवाळ्यातला. सकाळी ऑफिसला निघताना दिवा लागतो, बाणेर-हिंजवडीपर्यंत पोचता पोचता विझतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. याला लोक सेन्सरचा दोष समजतात. दोष बहुधा नसतो. हवा अगदी सीमारेषेवर असते. गारव्यात ती रेषेखाली जाते आणि चाक फिरून तापलं की वर येते. हिशेब करून पाहा. मे महिन्यात दुपारी ३८ अंशांत टायरमध्ये ३३ पीएसआय हवा भरली, तर तीच हवा डिसेंबरच्या पहाटे १० अंशांत सुमारे २९ दाखवेल, थेंबभरही गळती नसताना. मोटारीच्या टायरला दर ६ ते ७ अंशांच्या फरकामागे १ पीएसआय असा हा ढोबळ हिशेब आहे. शिवाय चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण १ पीएसआय हवा आपोआप झिरपते. मे ते डिसेंबर ही वजाबाकी त्यात मिळवा. दिवा सकाळी लागतो म्हणजे सेन्सर आपलं काम चोख करतोय.

दिवा चालत्या गाडीत अचानक लागला तर आधी स्टिअरिंग एका बाजूला ओढतंय का, मागून गाडी झुलतेय का, हे जाणून घ्या. जोरात ब्रेक मारू नका, पाय सावकाश काढा. थांबायचं ते सपाट, मोकळ्या जागी. नवले पुलाच्या उतारावर, खंबाटकीच्या किंवा खंडाळ्याच्या घाटात कडेला थांबून चाकापाशी वाकणं फार जोखमीचं आहे; टायर पूर्ण बसलेला नसेल तर अगदी हळू, कडेच्या लेनने पुढचा पेट्रोल पंप किंवा फूड मॉल गाठा.

तुमच्या गाडीत कोणती पद्धत आहे?

हे कळल्याशिवाय पुढची कृती जमणार नाही, कारण दोन पद्धतींचं रीसेट वेगळं आहे.

एका पद्धतीत प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हला जोडलेला एक छोटा सेन्सर असतो. त्याची स्वतःची बॅटरी असते आणि तो हवेचा दाब मोजून रेडिओ लहरींवर गाडीला कळवतो. ही थेट पद्धत. स्क्रीनवर चार चाकांचे चार वेगळे आकडे दिसत असतील, तर तुमची गाडी या प्रकारातली. ह्युंदाई क्रेटा, किया सेल्टॉस यांच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये असे आकडे दिसतात. बऱ्याच गाड्यांत अशा चाकाचा व्हॉल्व्ह धातूचा असतो आणि रिमजवळ नटाने आवळलेला दिसतो. पण रबरी व्हॉल्व्हवरही असे सेन्सर बसतात, त्यामुळे केवळ व्हॉल्व्ह बघून निष्कर्ष काढू नका.

दुसऱ्या पद्धतीत चाकात काहीच नसतं. एबीएस ब्रेकसाठी प्रत्येक चाकाचा वेग मोजणारे सेन्सर गाडीत असतातच, त्यांच्यावरच काम भागवलेलं असतं. हवा कमी झाली की चाकाची त्रिज्या किंचित घटते, म्हणून तेच अंतर कापायला ते चाक बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त फिरतं. गाडीचा संगणक हा फरक पकडतो. चाकणला बनणाऱ्या स्कोडा कुशाक, स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन टायगुन, व्हर्टस या गाड्यांत हीच पद्धत आहे, होंडा सिटीतही. इथे आकडे दिसत नाहीत, फक्त दिवा लागतो, आणि मेनूमध्ये ‘सेट’, ‘कॅलिब्रेट’ किंवा ‘इनिशियलाइज’ असा पर्याय असतो.

या दुसऱ्या पद्धतीची एक मर्यादा नीट लक्षात घ्या. ती चाकांची एकमेकांशी तुलना करते. चारही टायरांतली हवा थंडीने किंवा दुर्लक्षाने सारखीच उतरली, तर साध्या प्रणालीला त्यात वावगं काही दिसत नाही. म्हणून अशा गाडीच्या मालकाने दिवा लागायची वाट न बघता पंधरवड्यातून एकदा हवा मोजायलाच हवी.

पहिली पद्धतही उशिराच बोलते. २००० साली अमेरिकेत फायरस्टोन टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर तिथल्या संसदेने कायदा केला, आणि २००७ पासून तिथल्या सगळ्या नव्या मोटारींत ही प्रणाली सक्तीची झाली. ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झालं की दिवा लागलाच पाहिजे, अशी ती अट होती. ३३ पीएसआयच्या टायरसाठी २५ टक्के कमी म्हणजे जवळपास २५ पीएसआय. इतकी हवा उतरल्यावर टायरचं झिजणं आणि तापणं केव्हाच सुरू झालेलं असतं.

आकडा दारावर असतो, टायरवर नसतो

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर, कमरेच्या उंचीच्या आसपास एक स्टिकर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतो. तुमच्या गाडीचा खरा आकडा तिथे लिहिलेला आहे. टायरच्या बाजूवर कोरलेला मोठा आकडा, ४४ किंवा ५१ पीएसआय, हा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तेवढी हवा भरायची नसते. भरली तर टायरचा फक्त मधला पट्टा रस्त्याला टेकतो आणि पावसात पकड जाते.

स्टिकरवर बहुधा दोन ओळी असतात: एक-दोन माणसं असतानाची आणि पूर्ण भरलेल्या गाडीची. रोज एकट्याने कोथरूडहून मगरपट्ट्याला जाणाऱ्याला पहिली ओळ पुरे. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन ताम्हिणीमार्गे कोकणात उतरणार असाल तर दुसरी ओळ पाळा. तिच्यात मागच्या चाकांचा आकडा जास्त असतो. काही स्टिकरांवर आकडे बार किंवा किलोपास्कलमध्ये असतात. २.३ बार म्हणजेच २३० किलोपास्कल, म्हणजेच सुमारे ३३ पीएसआय.

हा आकडा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पंपावर हवा भरणारा ‘किती?’ विचारतो तेव्हा बरेच जण ‘पस्तीस मारा’ असं सवयीने सांगून टाकतात. तुमच्या गाडीला ३० हवी असेल किंवा ३६, आणि पुढच्या-मागच्या चाकांत फरकही असेल. ‘दादा, पुढे तेहतीस, मागे बत्तीस’, असं मोजकं सांगायचं आणि भरून झाल्यावर आकडा स्वतः बघायचा.

गार टायरवर मोजा

स्टिकरवरचा आकडा गार टायरचा आहे. गार म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा त्यानंतर जेमतेम दीड किलोमीटर हळू चाललेली. सूर्य वर येण्याआधीची वेळ सर्वांत चांगली. दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या एका बाजूचे टायर दुसऱ्या बाजूपेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतात, हे स्वतः मोजून बघण्यासारखं आहे.

पुण्यात घराजवळ पंप असेलच असं नाही, आणि असला तरी सकाळी आठनंतर रस्त्यावरच्या गर्दीत तिथवर पोचेपर्यंत टायर तापतात. म्हणून मी प्रत्येक गाडीवाल्याला दोन वस्तू घ्यायला सांगेन: एक चांगला प्रेशर गेज आणि गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर. सोसायटीच्या पार्किंगमध्येच, पहाटे, गार टायरवर काम उरकतं. कॉम्प्रेसर चालू असताना इंजिन सुरू ठेवा म्हणजे बॅटरी उतरत नाही. मात्र बंदिस्त तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन सुरू ठेवून काम करू नका, गाडी उघड्यावर काढा. गेज नेहमी एकच वापरा. दोन वेगळ्या गेजमध्ये एक-दीड पीएसआयचा फरक सहज पडतो, आणि पंपावरचा गेज दिवसभर आपटून आपटून बिघडलेलाही असू शकतो.

पंपावरच जायचं असेल तर हवा मोफत देणं पंपाला बंधनकारक आहे, हे माहीत असू द्या. टायर तापलेले असतील तर स्टिकरच्या आकड्यापेक्षा सुमारे ४ पीएसआय जास्त भरा आणि दुसऱ्या दिवशी गार टायरवर पुन्हा मोजून जास्तीची हवा काढा. तापलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडू नका. मुंबईहून घाट चढून आलेल्या टायरमध्ये ३७ दिसले, हवा सोडून ३३ केली, तर सकाळी तिथे २९ उरतील.

घाट चढण्या-उतरण्याने आणखी एक छोटा फरक पडतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. इथे बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्याने पुण्यात ३३ दाखवणारा टायर, तापमान तेच धरलं तर, मुंबईत सुमारे ३२ दाखवेल. रोजच्या वापरात याची चिंता करायची गरज नाही. पण हवा आधीच सीमेवर असेल तर कळंबोलीला उतरल्यावर दिवा का लागला, याचं उत्तर इथे असू शकतं.

नायट्रोजनबद्दल विचारणारे बरेच असतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तापमान बदललं की त्याचाही दाब साध्या कोरड्या हवेइतकाच बदलतो. नायट्रोजन भरलेला टायर उतरला आणि जवळ फक्त साधी हवा असेल तर ती बिनधास्त भरा, काही बिघडत नाही. नायट्रोजनच्या हिरव्या टोपीच्या नादात कमी हवेवर गाडी चालवत राहणं मात्र नक्कीच वाईट.

चारही चाकं मोजा, दिवा एकाच चाकाने लावला असला तरी. एखाद्या टायरमध्ये बाकीच्यांपेक्षा चार-पाच पीएसआय कमी निघाली तर ते थंडीचं काम नाही, ती गळती आहे. त्या टायरवर आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे बघा. नव्या इमारतींच्या आसपासच्या रस्त्यांवर खिळे आणि स्क्रू टायरमध्ये घुसून तसेच राहतात. ट्यूबलेस टायरमध्ये हवा त्यांच्या भोवतीने दिवसाला थोडी थोडी जाते. पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी अलॉय रिमची कड वाकली असेल तर हवा टायर आणि रिमच्या सांध्यातून जाते. टायरच्या बाजूला फुगा आलेला दिसला तर मात्र हवेचा, दिव्याचा, रीसेटचा विचार सोडून द्या. तो टायर बदलायचा.

आता रीसेट

हवा बरोबर झाली, गळती नाही, टोप्या बसवल्या. आता गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, इग्निशन चालू करा.

वेगावरून अंदाज करणारी पद्धत असेल तर कृती अशी. इन्फोटेनमेंट स्क्रीनवर किंवा स्टिअरिंगच्या बटणांनी डॅशबोर्डच्या मेनूत जा, गाडीच्या सेटिंगमध्ये किंवा गाडीच्या स्थितीच्या पानावर टायरचा पर्याय शोधा, ‘सेट’ दाबा आणि विचारलं तर खात्री द्या. टोयोटाच्या ज्या मॉडेलांत वेगळं रीसेट बटण असतं, तिथे पिवळा दिवा सावकाश तीनदा लुकलुकेपर्यंत ते दाबून धरायचं असतं. बटण अनेकदा स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ असतं किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलं ते एक पान वाचल्याशिवाय शोधाशोध करू नका. एकाच कंपनीच्या दोन वर्षांच्या मॉडेलांतही जागा बदललेली असते.

‘सेट’ दाबल्याने काम संपत नाही. त्यानंतर गाडी नवा हिशेब शिकते आणि त्यासाठी तिला सलग चालावं लागतं. होंडाच्या अशा प्रणालीला ताशी साधारण ५० ते १०० किलोमीटरच्या वेगात, तुकड्यातुकड्यांनी मिळून, अर्ध्या तासाचा प्रवास लागतो. कर्वे रस्त्यावर किंवा विद्यापीठ चौकात संध्याकाळी हे होणार नाही, आणि म्हणूनच ‘सेट केलं पण काही झालं नाही’ अशी तक्रार पुण्यात वारंवार ऐकू येते. रविवारी सकाळी लवकर कात्रज-देहू रोड बाह्यवळणावर वारज्यापासून वाकडपर्यंत जाऊन परत या, किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये राहत असाल तर निगडी ते दापोडी ग्रेड सेपरेटर वापरा. वेग एकसारखा ठेवायचा, वळणं कमी, जोरात ब्रेक नाही.

हे रीसेट चार प्रसंगी करायचं: हवा भरल्यावर, टायर बदलल्यावर, चाकांची अदलाबदल केल्यावर, आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दाब वाढवल्यावर. कोकणातून परत आल्यावर दाब पहिल्या ओळीवर आणला की पुन्हा एकदा.

सेन्सर असलेल्या पद्धतीत बहुतेक वेळा काहीच दाबावं लागत नाही. मात्र हवा भरल्यावर दिवा तिथल्या तिथे जाईलच असंही नाही. बॅटरी वाचवण्यासाठी हे सेन्सर उभ्या गाडीत जवळजवळ झोपलेले असतात, चाक फिरायला लागलं की जागे होतात. ताशी २५-३० किलोमीटरच्या वर दहा-वीस मिनिटं गाडी चालवा, आकडे बदलतील आणि दिवा जाईल. चाकांची अदलाबदल केली असेल तर काही गाड्या कोणता सेन्सर कुठे गेला ते स्वतः ओळखतात. काहींना सर्व्हिस सेंटरच्या यंत्राने पुन्हा शिकवावं लागतं. नाहीतर स्क्रीनवर उजव्या पुढच्या चाकाचा आकडा कमी दिसतो आणि हवा प्रत्यक्षात डाव्या मागच्यात कमी असते. चाकं फिरवून घेतलीत तर हे गॅरेजमधून निघण्याआधी विचारून घ्या.

बॅटरीची वायर काढण्याने किंवा टायरमध्ये ५० पीएसआय भरून मग पूर्ण रिकामा करण्याने दिवा जातो, असे सल्ले फिरत असतात. वायर काढली तर घड्याळ, काचांची सेटिंग आणि कधी कधी म्युझिक सिस्टीमचा कोड एवढंच जातं. दुसऱ्या युक्तीत रिकाम्या टायरवर गाडीचं वजन पडून टायरची बाजू दुमडते. दोन्ही करू नका.

तरीही दिवा जात नाही

पहिली शंका स्टेपनीची घ्या. पंक्चर झाल्यावर स्टेपनी लावून गाडी चालवत असाल, तर बऱ्याच गाड्यांच्या स्टेपनीत सेन्सर नसतो; गाडीला चौथ्या चाकाचा संदेश मिळत नाही आणि दिवा लुकलुकतो. स्टेपनी लहान मापाची असेल तर तिचा वेग बाकीच्या चाकांपेक्षा वेगळा, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीतही दिवा लागतो. इथे रीसेट करणं चूक. पंक्चर काढून मूळ चाक लावा, मग बघा. लहान स्टेपनीवर लिहिलेली वेगमर्यादा, सहसा ताशी ८० किलोमीटर, तोवर पाळा.

आता काही गाड्यांत स्टेपनीच नसते. जुलै २०२० मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने नियमांत बदल करून, साडेतीन टनांपर्यंतच्या ज्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी प्रणाली आणि पंक्चर दुरुस्तीचं किट आहे तिला स्टेपनी नसली तरी चालेल, असं ठरवलं. म्हणजे अशा गाडीत हा दिवा नुसती सोय राहिलेला नाही. त्यावरच तुमचं वेळेत थांबणं अवलंबून आहे. किटमधलं चिकट द्रव्य टायरमध्ये भरलंत, तर ते सेन्सरच्या बारीक छिद्रात बसू शकतं. टायर दुरुस्त करताना आतून पुसून सेन्सर स्वच्छ करायला सांगा, आणि तरीही त्या चाकाचा आकडा विचित्र येत असेल तर सेन्सर तपासून घ्या.

दुसरी शंका वयाची. सेन्सरची बॅटरी साधारण ५ ते १० वर्षं चालते आणि ती बदलता येत नाही. सेन्सरच नवा लागतो. गाडी सात-आठ वर्षांची झाली आहे, दिवा लुकलुकतोय आणि एखाद्या चाकाच्या आकड्याऐवजी नुसत्या रेघा दिसतायत, तर हेच असणार. एक गेला की बाकीचे तीन मागोमाग जातात, कारण चारही एकाच दिवशी कारखान्यात बसले होते. नवे टायर घालण्याचा बेत जवळ असेल तर दोन्ही कामं एकत्र करा. टायर रिमवरून एकदाच उतरवावा लागेल.

पंक्चरवाल्याशी दोन मिनिटं बोला

टायर रिमवरून काढायची वेळ आली, तर काम सुरू होण्याआधीच सांगा: ‘मामा, आत सेन्सर आहे, व्हॉल्व्हपाशी.’ टायर दाबून सोडवणारं यंत्र व्हॉल्व्हच्या जवळ लावलं की सेन्सर मोडतो. दाब व्हॉल्व्हपासून लांब द्यायचा, आणि पट्टीने टायर उचकटतानाही ती जागा टाळायची. अनुभवी माणसाला हे ठाऊक असतं. पण रस्त्याकडेच्या घाईत, रात्री, पावसात, सेन्सर आहे हेच त्याच्या लक्षात येत नाही. नुसती वात घालून बाहेरून पंक्चर काढायचं असेल तर टायर उतरवावा लागत नाही आणि सेन्सरला धक्का बसत नाही. लांबच्या प्रवासासाठी मात्र आतून लावलेला मशरूम पॅच जास्त भरवशाचा.

धातूच्या व्हॉल्व्हवर चकचकीत धातूच्या टोप्या लावू नका. पावसाळ्यात दोन वेगळ्या धातूंमध्ये गंज धरतो, टोपी आवळून बसते आणि पिळून काढताना व्हॉल्व्हच तुटतो. मग नुसत्या हवेसाठी गेलेल्या माणसाला नवा सेन्सर घ्यावा लागतो. प्लास्टिकची टोपी पुरते. याच कारणाने आतली पितळी व्हॉल्व्हपिन अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये घालू नये. निकेलचा मुलामा दिलेली मागा. टायर बदलताना व्हॉल्व्हचा रबरी सील आणि नटही नवे घाला. हे सुटे भाग सेन्सरच्या मानाने अगदी स्वस्त असतात आणि हळूहळू होणारी कितीतरी गळती यांच्यापाशीच सुरू होते.

गाडीत ही सोयच नसेल तर

पुण्यातल्या रस्त्यांवर दहा-बारा वर्षांच्या गाड्या भरपूर आहेत आणि त्यांना हा दिवा नाही. त्यांच्यासाठी बाहेरून बसवायचे संच मिळतात: व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी चार सेन्सर आणि डॅशबोर्डवर एक छोटी स्क्रीन. बसवताना टायर गार असताना स्टिकरप्रमाणे हवा भरा, मग स्क्रीनवर खालची मर्यादा स्वतः ठरवा. ही मर्यादा तुमच्या हातात असते, हा या संचाचा मोठा फायदा. कारखान्याच्या प्रणालीप्रमाणे २५ टक्क्यांची वाट बघू नका. ३३ च्या टायरला २८ वर इशारा ठेवा. सेन्सर आवळल्यावर प्रत्येक व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाका, कारण हा सेन्सर व्हॉल्व्हची पिन सतत दाबून ठेवतो आणि त्याचा रबरी वॉशर नीट बसला नाही तर तिथूनच हवा जाते. संचाबरोबर सेन्सरखाली आवळायचे नट मिळत असतील तर तेही लावा, म्हणजे येताजाता कोणी ते काढून नेणार नाही. त्या नटांचा पाना स्टेपनीजवळ न ठेवता ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. हवा भरायची असेल तेव्हा सेन्सर काढावाच लागतो आणि पाना हाताशी नसेल तर पंपावरून तसंच परत यावं लागतं.